घरमालक आणि चौथा कार्बन

साखर या विषयावर बाकीचं सगळं जग मिळून जेवढं बोलत असेल, त्याहून जास्त आमचे चेन्नईचे घरमालक एकटे बोलतात, आणि तेही दारात उभ्या उभ्या, एक चप्पल पायात आणि दुसरी हातात धरून. तिरुवल्लिकेणीच्या एका अरुंद गल्लीत खाली ते एकटे आणि वर आम्ही तिघं, असं गेली सहा वर्षं चाललंय. कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवून ते निवृत्त झाले म्हणे. झाले असतील, तिथल्या मुलांपुरते! माझी काही अजून सुटका झालेली नाही. घर बघायला आलो तेव्हा मालक तंजावरकडचे मराठी आहेत हे ऐकून मी इतकी हरखले होते की नळाला पाणी येतं का हेसुद्धा विचारलं नाही. त्यांनी कॉफी केली. मी आपलं सहज म्हटलं, "काका, साखर जरा कमी." झालं. त्यांनी पेला खाली ठेवला. "अम्मा, कुठली साखर? साखर ही जात अहे. ह्या डब्यांत अहे ते सुक्रोज." त्यांच्या तोंडी 'आहे'चं 'अहे' होतं आणि प्रत्येक वाक्याला तमिळ हेलकावा असतो, त्यामुळे दहा मिनिटं मला वाटत होतं की ते माझं कौतुकच करताहेत. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज हातात हात घालून सुक्रोज कसे होतात हे कळेपर्यंत कॉफीवर साय धरली. तेव्हाच पळ काढायला हवा होता. पण नवऱ्याला घर आवडलं होतं.

नवऱ्याला काय, तो पहाटे इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्याची बस पकडतो तो दिवेलागणीला उगवतो. तावडीत सापडते मी, बँकेत निघालेली, हातात डबा, बस चुकायच्या बेतात. जगातली सगळी माणसं काकांनी साखरेसारखी वाटून टाकलीत. आमचं कुटुंब तीन माणसांचं, म्हणून आम्ही ट्रायोज, म्हणजे तीन कार्बनांची साखर. दूधवाल्यालाही ते आमची ओळख तशीच करून देतात, आणि तो बिचारा ते आमचं आडनाव समजतो. सासू-सासरे राहायला आले की आम्ही पेंटोज, त्यात नणंद आली की हेक्सोज. एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! मी म्हणे आल्डोज, कारण ज्याचा क्रियात्मक गट अगदी टोकाला उघडा असतो तो आल्डोज, आणि माझं मनात येईल ते लगेच तोंडाबाहेर. नवरा कीटोज, त्याचा गट दुसऱ्या कार्बनावर, जरा आत दडलेला. एकदा गिंडीला जाताना काका आणि मी एकाच रिक्षात होतो. रिक्षा डावीकडे वळली की ते खूश होऊन म्हणायचे, "फ्रुक्टोज!" कारण फ्रुक्टोज कुळाने उजव्या हाताची असूनही प्रकाश डावीकडे वळवते. रिक्षावाला आरशातून माझ्याकडे बघत होता. मी बाहेर बघत बसले.

मामी, म्हणजे काकांची बायको, गेल्यापासून दारातलं कोलम तेच काढतात. इथे घरोघरी सकाळी तांदळाच्या पिठाची रांगोळी घालतात, कुणी कमळ, कुणी मोर. आमच्या दारात ग्लुकोजचं सहा कोनांचं कडं. पोस्टमन ते ओलांडताना चुकून ऑक्सिजनवर पाय देतो आणि व्याख्यान ऐकून जातो. त्या पिठाला मुंग्या लागल्या म्हणून मी तक्रार केली, तर म्हणाले, "असूं दे की. स्टार्च फोडून साखर करतायत, माझ्या विद्यार्थ्यांहून बऱ्या." माझ्या पायाला चावल्या त्याचं काय, विचारायची सोय नाही.

तर अशा माणसाची मी स्वतःहून मुलीला शिकवणी लावली. करते काय! शाल्मली फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. लेखी निघाली आणि बायोकेमिस्ट्रीच्या तोंडीत दांडी उडाली. परीक्षकांनी नुसतं "नक्की का?" विचारलं की ही बरोबर उत्तरसुद्धा बदलायची. फेरपरीक्षेला तीन आठवडे, आणि त्यात नापास म्हणजे अख्खं वर्ष हातचं जाणार. काका रोज वर येऊ लागले आणि तीन आठवडे ते साखरेच्या पुढे सरकले नाहीत! प्रथिनं राहिली, एन्झाइमं राहिली. शिकवायचे कशावर? माझ्या कढीपत्त्यावर. देठाची चार पानं ठेवायची, बाकीची खुडायची: उजवं, डावं, उजवं, उजवं, हे ग्लुकोज. शेंडा वर, तो पहिला कार्बन, पानं दुसऱ्यापासून, आणि देठ ओट्यावरून उचलायचा नाही. उचलून उलटा केला की उजव्याचं डावं होतं आणि ती आरशातली साखर, शरीराला निरुपयोगी. पानं तेवढीच, बाजू वेगळ्या, की साखर वेगळी. मला फोडणीला कढीपत्ता मिळेना. फ्रीज उघडला की डबाभर खुडलेले देठ, सगळे मॅनोज.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी शाल्मलीने ओट्यावर सगळ्या साखरा मांडल्या. काका गॅलॅक्टोजपाशी थांबले. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोजमध्ये फरक एवढाच, की चौथ्या कार्बनावरचं पान दुसऱ्या बाजूला. "चौथं उजवीकडे पाहिजे," ते म्हणाले. शाल्मली म्हणाली, "नाही काका, डावीकडे." "चाळीस वर्षं शिकविलों मी!" ते एवढ्याने ओरडले की कुकरची शिट्टी ऐकू आली नाही. पोरीचे डोळे भरले, पण पान काही तिने हलवलं नाही. काका तरातरा खाली गेले. आम्ही पुस्तक काढलं. शाल्मलीचं बरोबर होतं.

माझं डोकंच फिरलं. पुस्तक घेऊन खाली गेले आणि सहा वर्षांचं साठलेलं सगळं बोलून टाकलं, कढीपत्त्यासकट. काकांनी चष्मा वर केला, चित्रावर बोट ठेवलं, वरून एक, दोन, तीन, चार मोजलं. परत मोजलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "मुद्दाम सांगितलों. पोरगी बदलली काय उत्तर?"

"नाही."

"सेरी, बरं. मग पास."

परीक्षेच्या आदल्या दिवशी असले खेळ! मी तणतणत वर आले. जिन्यात एवढं मात्र जाणवलं, की बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी परीक्षकांनी नेमकं गॅलॅक्टोज काढायला सांगितलं आणि वर विचारलं, "नक्की? चौथं उजवीकडे नाही?" शाल्मली म्हणाली, "नाही सर. काल यावरून ओरडा खाल्लाय. डावीकडेच." परीक्षक हसले म्हणे. पास झाली पोरगी!

निकाल कळल्याच्या दुसऱ्या सकाळी बँकेत निघता निघता मी शिऱ्याची वाटी घेऊन खाली पळाले. काकांना केवढा आनंद झाला! वाटी हातात घेऊन ते तिचं कौतुक करत राहिले. मग थांबले, दाराकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "अम्मा, गॅलॅक्टोजचं चौथं... कुठल्या बाजूस म्हणालांत?"

परीक्षा घेताहेत असं मला आधी वाटलं. आता मी चुकले की व्याख्यान सुरू, म्हणून मी सवयीने तयारीतच राहिले. पण परीक्षा घेणाऱ्याचा चेहरा तसा नसतो. ते खरंच विचारत होते.

"डावीकडे, काका."

"डावीकडे," ते म्हणाले. बोटाने हवेत मोजलं, आणि पुन्हा म्हणाले, "डावीकडे."

बँकेला उशीर होत होता. मी पर्स खाली ठेवली आणि त्यांच्या समोर जमिनीवर बसले.

"काका," मी म्हटलं, "सगळ्या साखरा मला एकदा पहिल्यापासून सांगा ना."