उकिडवं बसून काढलेला फोटो

आधीच सांगतो, भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. लिंबू-मिरचीशी संबंध आला तर तो मिसळीपुरता. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय... पण फोटो अजून मोबाईलमध्ये आहे, त्याला काय करू?

आमच्या घरात कॅमेरा कायम आईच्या हातात. पदर खोचून, चुलीपुढे बसावं तशी ती उकिडवी बसायची आणि आम्हा पोरांना बरोब्बर मधोमध घ्यायची. मोठी माणसं मानेपासून वर गायब! अल्बमभर बाबांना डोकं नाही. ते चिडायचे, "अगं, या घरात मी पण राहतो!" आई म्हणायची, "मोठ्यांचं काय, ती असतातच. पोरं वाढतात."

तिचा स्वतःचा फोटो मात्र कुणी काढलाच नाही. ती गेली तेव्हा आधार कार्डावरचा मोठा करून भिंतीवर लावला. त्यात ती आई कमी आणि संशयित जास्त दिसते.

यंदा आमची लेक केतकी बाळंतपणाला नाशिकला, सिडकोतल्या आमच्या घरी आली. ओवी झाली, तिचे केतकीने शेकड्यांनी फोटो काढले. मनमाडला सासरी परत जायच्या दिवशी सकाळी तिच्या लक्षात आलं, की एकातही ती स्वतः नाही. बॅग भरता भरता रडायलाच लागली.

"बाबा, मलापण आधार कार्डावरूनच लावणार का भिंतीवर?"

"अगं, काहीतरीच काय! मी काढतो."

"तू नको! तुझे सगळे हलतात."

हे खरं आहे. शेवटी फोन फ्रिजवर ठेवून टायमर लावला. केतकी ओवीला घेऊन दिवाणापुढे उभी. मी त्यांच्या पायाशी, माझ्या मते फ्रेमच्या बाहेर, फ्रिजकडे तोंड करून फतकल मारून बसलो आणि ओवीने समोर बघून हसावं म्हणून म्याँव म्याँव करत होतो. ओवी रडली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मांजर आजारी आहे का?"

मग फोटो बघितले. सगळे वरून आलेले, ओवीचा भोंगा चालू, खाली कोपऱ्यात माझं टक्कल. एकच फोटो वेगळा.

तो खालून काढलेला होता. केतकी मानेपासून वर गायब. ओवीचे फक्त लोंबकळणारे पाय, एकात मोजा, एक उघडा. आणि दिवाणाच्या खाली, पार आत, सकाळपासून सापडत नसलेला दुसरा मोजा स्पष्ट दिसत होता! मी वाकून हात घातला. तिथेच होता.

फोन फ्रिजवरून हललेला नव्हता. फ्रिजवरून दिवाणाखालचं दिसेल कसं?

संध्याकाळी न्यायला आलेले जावई म्हणाले, "बाबा, हल्ली फोनच आपोआप क्रॉप करतो."

"वरचं कापता येईल हो. पण खालचं कुठून आणलं?" यावर ते चहा प्यायला लागले.

पण ते नंतर. त्याआधी मी फोन घेऊन फ्रिजपुढे उकिडवा बसलो. गुडघे कडकड वाजले. स्क्रीनवर हुबेहूब तीच चौकट... केतकीला डोकं नाही. म्हटलं, "आता तू पण खाली बस." ती ओवीला मांडीवर घेऊन बसली. दोघी डोक्यासकट आल्या. फोटो चक्क हलला नाही. केतकीने तो लगेच नवऱ्याला पाठवला, आणि मग मोजा सापडलेला तो फोटो पुन्हा उघडून हसायला लागली.

"बाबा, तू नीट बघितलास का? मधोमध कोण आहे?"

मधोमध मी होतो. तोंड वासलेला, म्याँव करणारा.

फोन दुरुस्तीवाल्याला दाखवला, त्याने नवी काच लावून शंभर रुपये घेतले. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा, मला नाही सुचत. आता या वयात माझं वाढतं ते फक्त पोट... पण आईला ते कोण सांगणार?