अप्पांच्या बँडचा जॅझ

बँडवाल्यांकडं किस्से लय साठतात. आमचं निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. नवरदेवाची दाढी चाललीय, घोडा अडलाय, मामा रुसलाय! तोवर करायचं काय? बोलत बसायचं.

मी पलूसच्या बँडात साइड ड्रम वाजवतो. मालक अप्पा, मिल्ट्री बँडातनं रिटायर, क्लॅरिनेटवाले. डीजे आला आणि आमची लग्नं गेली. अशात महाबळेश्वरच्या एका हॉटेलच्या मॅनेजरचा फोन आला. "जॅझ वाजवता का?"

"वाजवतो की! दर शनिवारी वाजवू!"

फोन ठेवून अप्पा आमच्याकडं वळले. "जॅझ म्हंजे काय रं?"

आम्ही हसलो. अप्पा हसले नाहीत. "ह्यात आपटलो, तर बँड बंद."

*

मी मोबाइलवर शोधून वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या लोकांनी सुरू केलं. मिल्ट्रीछाप बाजं, कितीतरी जण नोटेशन न बघता कानानंच वाजवायचे. मयतीला जाताना संथ, परतताना नाचत.

"आरं गाढवा, मग आपण चाळीस वर्षं दुसरं काय करतोय?"

*

ट्रम्पेटवाल्या किसनचा एक सूर कायम खाली घसरायचा. वीस वर्षं त्यापायी अप्पांच्या शिव्या खाल्ल्या बिचाऱ्यानं. मोबाइलवरच्या जॅझमध्ये हुबेहूब तस्साच सूर!

"आवं अप्पा, आता तरी माफी मागा!"

"ते मुद्दाम घसरत्यात. तू कवा मुद्दाम घसरलास?"

*

जॅझमध्ये प्रत्येकाला एकट्यानं वाजवायची पाळी मिळते. आमच्या ढोलवाल्या, म्हसवडच्या संभाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या धनगरांच्या गजी नाचाचा ढोल. त्याला पाळी दिली, गडी थांबेचना! आमचा चहा झाला, कप धुऊन झाले.

"संभा, आमी जेवून येऊ का?"

"या की! मी हाय हितंच."

*

शनिवारी संध्याकाळी हॉटेलात स्टेजवर चढलो. लाल कोट, सोनेरी झालर. सुरू केलं आणि सगळंच विस्कटलं. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं. उभ्या जागी कुणाचा हात चालेना, कुणाचा दम पुरेना. लोक मोबाइल बघायला लागले. अप्पांचा चेहरा पडला.

अप्पांनी एकदा आमच्याकडं बघितलं. "चला रं!"

स्टेजवरनं उतरलो, टेबलांमधनं चालत निघालो आणि पाचव्या पावलाला बँड लागला! संभाचा ढोल घुमला, किसन मनसोक्त घसरला. माणसं उठून मागं नाचायला लागली. लॉबीतनं फाटकाबाहेर, धुक्यात, थेट बाजाराच्या रस्त्यावर! मागं टॅक्सीवाले हॉर्न मारत तुंबलेले.

मॅनेजर छत्री घेऊन धापा टाकत आला. आम्हाला वाटलं, संपलं आता.

"अप्पा, पुढच्या शनिवारीपण या! फक्त कुठं वळणार, तेवढं आधी सांगत जा."

अप्पांनी तोंडातनं क्लॅरिनेट काढली. "साहेब, वाजवायच्या आधी ते कुणाला ठावं असतंय?"