तोंडात तीळ न भिजणारा गप्प बसला त्याची गोष्ट

माझ्या धाकट्या मुलाचं सलून आहे. कात्रीपेक्षा त्याची जीभ जास्त चालते, आणि खरं तर गिऱ्हाइकं तेवढ्यासाठीच येतात. कोणाचं लग्न मोडलं, कोणी घर बांधायला काढलं, सगळं त्या फिरत्या खुर्चीत कळतं. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. दारू मात्र भरपूर मुरायची.

आधी संध्याकाळी घ्यायचा, मग दुपारीही. शेवटी शेवटी सकाळी शटर उघडण्याआधी घोटभर लागायची. "हात स्थिर राहतो," म्हणायचा. त्या स्थिर हाताने त्याने बँकेतल्या साहेबांचा कान कापला. तसा थोडासाच, पण कानाचं रक्त काही थोडं येत नाही. सुनेने त्याच दिवशी सांगितलं, "अहो, यापुढे एक थेंब जरी प्यालात तर मी मुलांना घेऊन निघाले." ती बोलते कमी, पण बोलते ते करते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. दारू सोडणाऱ्यांची बैठक, दर गुरुवारी सात वाजता, वाचनालयाच्या माडीवर. वाचनालय सलूनच्या मागच्याच गल्लीत.

"कधीपासून भरते ही बैठक?" त्याने विचारलं.

"अकरा वर्षं झाली."

"अकरा वर्षं! माझ्या पाठीमागे! आणि मला पत्ता नाही?" दारुडा ठरल्याचं त्याला काही वाटलं नव्हतं. हे मात्र जिव्हारी लागलं.

गुरुवारी मी बरोबर गेले, कारण वाटेत दारूची दोन दुकानं आहेत आणि त्याच्या पायांना तिकडची सवय. त्याने माडीचं दार ढकललं आणि आतलं बोलणं खटकन थांबलं. गोल मांडलेल्या खुर्च्या, दहा माणसं, त्यातली सात याचीच गिऱ्हाइकं. मास्तरांनी तोंडासमोर वर्तमानपत्र धरलं, तेही उलटं. शिंपी कपाळाला हात लावून म्हणाला, "संपलं. उद्या दहाच्या आत बाजारभर." (धंदे मी बदलून लिहिलेत. शोधत बसू नका.)

बैठक चालवणारे काका म्हातारे, शांत. ते म्हणाले, "इथलं बोलणं इथेच राहतं. जमेल?"

"जमेल की!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी हमी द्यावी. पोटचा असला तरी खोटं कसं बोलू? मी म्हटलं, "प्रयत्न करेल."

पुढच्या गुरुवारी माडीवर काका, हा, आणि नऊ रिकाम्या खुर्च्या. मी जिन्यात बसले होते, तिथे काका त्याला घेऊन आले आणि म्हणाले, "तुला मी हाकलणार नाही. पण तुझ्या भीतीने ही माणसं घरी बसलीत. घरी बसून काय करतील, ते तुला मी सांगायला नको."

तो रात्री जेवला नाही. प्यालाही नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तोंडच बंद केलं. तेवढंच एक लपवून बाकीचं बोलणं त्याच्याने झालं नसतं. गिऱ्हाइकं विचारायची, "काय रे, दाढ दुखते का?" तो "हूं" म्हणायचा. सून मला स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, हे प्यायचे तेव्हा निदान घरात आवाज तरी होता."

पाचव्या दिवशी मी डबा घेऊन सलूनमध्ये गेले. खुर्चीत भांड्यांचा व्यापारी बसला होता. त्याला दुसऱ्याच्या घरातलं उकरायला भारी आवडतं. तोंडाला फेस लावलेला, तरी बोलायचं थांबेना.

"काय रे, तो शिंपी गुरुवारी वाचनालयात काय करतो? आयुष्यात पुस्तक हातात धरलेलं नाही त्याने."

माझ्या मुलाचा चेहरा लाल झाला. लहानपणी गुपित ओकण्याआधी असाच व्हायचा. मी डबा घट्ट धरला. आता सुटतंय, आता सगळं सुटतंय.

"शिंप्याचं मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी जातो. दारू सोडायला. पंधरा दिवस झाले, घेतलेली नाही. मान वर."

व्यापाऱ्याने मान वर केली. वस्तऱ्याखाली माणूस जेवढा गप्प बसतो तेवढा बसला. मात्र तिथून उठल्यावर त्याने कसर भरून काढली. संध्याकाळपर्यंत बाजारात सगळ्यांना कळलं होतं की सलूनवाला दारू सोडतोय, आणि आणखी कोणाचंही नाव निघालं नव्हतं. घरी सुनेने ते भाजीवालीकडून ऐकलं. रात्री ताटात वाढताना तिने त्याला दोनदा आग्रह केला.

गुरुवारी मी जिन्यातल्या बाकावर बसले होते. आधी शिंपी आला. मग मास्तर, आज वर्तमानपत्राशिवाय. एकेक करत सगळ्या खुर्च्या भरल्या, एक तर बाहेरून आणावी लागली. काका म्हणाले, "बोल रे आता. तुझं काय ते सांग."

आठवडाभर कोंडलेला माणूस तो. सुरुवात केली ती थांबेचना. पहिल्या वाक्यातच माझं नाव निघालं. कान टवकारले, खोटं कशाला सांगू. पण तिथलं बोलणं तिथेच राहायचं, आणि ते आईने ऐकायचं नव्हतं. मी उठून जिन्याखाली गेले. तिथेही स्पष्ट ऐकू येत होतं. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले.