साडीचोळी आणि सही

पुणे शहर वाढत वाढत आमच्या गावाला येऊन भिडलं आणि ज्या जमिनीकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, तिला सोन्याचा भाव आला. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकायच्या आत बिल्डर दारात हजर. अशा वेळी आमच्याकडे एक रीत आहे. भावानं बहिणीला साडीचोळी करायची आणि बहिणीनं वडिलांच्या जमिनीवरचा, घरावरचा हक्क सोडायचा. वाटा मागणारी बहीण म्हणजे माहेराला आग लावणारी, हे आम्ही पाळण्यात असल्यापासून ऐकलेलं.

दादा विश्रांतवाडीला माझ्या घरी आला तो साडी घेऊनच. मोरपंखी होती, चांगली होती. निवड वहिनीची असणार. आई खाली रिक्षात बसलेली. "वकिलानं हक्कसोड तयार ठिवलंय. तुझी सही, आईचा अंगठा, की झालं काम," दादा जिन्यात म्हणाला.

"घर पाडल्यावर आई कुठं राहणार?"

"ऱ्हाईल की. कधी तुझ्याकडं, कधी माझ्याकडं. म्हातारीला लागतंय किती?"

ते वाक्य मला झोंबलं. त्या घराच्या भिंती आईनं स्वतःच्या हातांनी लिंपल्या होत्या, आणि आता तिनं पाहुण्यासारखं दोन दारं फिरायची! रजिस्ट्रारच्या कचेरीत बाकावर टेकेपर्यंत माझं ठरलं होतं.

"दादा, मी सही करणार नाही."

त्याला आधी थट्टाच वाटली. मग आवाज चढला. "कायद्यानं तुझा हक्क हाय, मला म्हाईत हाय. पर नीती म्हणून काय हाय का न्हाई? लग्न लावून दिलं, दोन बाळंतपणं केली."

"बाळंतपणं आईनं केली. तिच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं आणि वर मला नीती शिकवायची, हे बरंय. आधी तिची खोली कागदावर येऊ दे. माझ्या वाट्याचं मग बोलू."

"मंग माहेर तुटलं म्हणून समज."

मला भाऊ एकच. तरी मांडीवरची साडी उचलली आणि त्याच्या पिशवीत परत ठेवली.

"तू बस इथंच," तो म्हणाला. "आई, चल तू."

आई उठली. मुलाचा शब्द तिनं कधी मोडला नव्हता. मी म्हणाले, "आई, अगं विचार कर." तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला राग आला, तिचाच जास्त आला.

टेबलामागच्या साहेबांनी मान वर न करता, सकाळपासून प्रत्येकाला विचारत होते तेच विचारलं, "आजी, स्वखुशीनं करताय ना? कुणाची जबरदस्ती नाही ना?" या प्रश्नाला सगळे 'हो' म्हणतात. पुढच्या माणसाचे कागद तोवर टेबलावर आलेही होते.

आईनं मात्र प्रश्न मनावर घेतला.

"माझी खुशी?" ती म्हणाली. "लगीन ठरलं, पोरं झाली, मालक गेलं, आता घर चाललं. कवा कुणी इचारलीच न्हाई. तुमीच पयले." तिनं अंगठा मुठीत मिटला. "न्हाई माझी खुशी."

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

दादा लाल झाला. "आई, घरी चल. मंग बघतो तुला."

"चल की," आई म्हणाली. "माझंच घर हाय."