वस्ताद गुण मोजायला शिकले

आमच्या वस्तादांना आकडे येत नव्हते असं नाही. कुस्तीत आकडा असू शकतो हेच त्यांना मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी कुस्ती एकाच प्रश्नावर संपायची : पाठ टेकली का? हा प्रश्न ते सगळ्याच बाबतींत विचारत. ग्रामपंचायतीची निवडणूक असो, भावकीतला दावा असो, शेजारच्या नवराबायकोचं भांडण असो. एकदा मी त्यांना पेपरातून पाच दिवसांच्या क्रिकेट सामन्याची बातमी वाचून दाखवली. सामना अनिर्णित राहिला होता.

"पाच दिस," ते म्हणाले, "आन कुनीच पडलं न्हाई? मंग गेलते कावून?"

मी गावातल्या शाळेत मराठी शिकवायचो आणि सकाळ-संध्याकाळ वाचनालय उघडायचो. वाचनालय आणि तालीम एकाच छपराखाली होती, मध्ये एक भिंत. मी नोकरीवर नवा आलो तेव्हा भिंतीपलीकडून तीसेक पोरांचे शड्डू ऐकू यायचे, आणि कोणी जोरात आपटला की माझ्या कपाटाच्या काचा थरथरायच्या. मी आयुष्यात कधी लंगोट लावला नाही. वस्ताद माझं मनगट दोन बोटांत धरून हळहळत. "मास्तर, हाड चांगलं हाय तुमचं. वाया घातलं."

मातीवर त्यांचा फार जीव. परळी आमच्यापासून जवळ. वारा तिकडून सुटला की विजेच्या कारखान्याची राख अंगणातल्या धुण्यावर बसायची, तशी तालमीतल्या कुस्तीच्या मातीच्या हौदातही उतरायची. वस्ताद लग्नाच्या मांडवाचं जुनं कापड हौदावर पसरून ठेवत आणि तरीही दर महिन्याला सगळी माती चाळून काढत. मग तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल. "राख आली की पोरांचे डोळे जळतेत," एवढंच त्यांचं कारण. पुढे पोरं कमी होत गेली. काही उसाच्या टोळीबरोबर गेली, काही परळीतल्या जिममध्ये जाऊ लागली. जिम बघायला वस्ताद एकदा स्वतः जाऊन आले होते. आल्यावर म्हणाले, "तितं आरसे लावलेत. ज्यो त्यो सोताशीच कुस्ती खेळतोय. पडनार कोन?"

शेवटी एकच पठ्ठा उरला, रामा. त्याचे आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळी झाली की घराला कुलूप लागायचं आणि रामा तालमीत राहायला यायचा. चार हंगाम वस्तादांनी त्याला असा राखला होता. जत्रेच्या फडात, लिंबागणेशला, नारायणगडाला, रामाने निकाली कुस्त्या मारल्या, म्हणजे समोरच्याला चीत करूनच तो उठला. पण पाचव्या वर्षी त्याचे वडील वस्तादांना म्हणाले, "वस्ताद, पोरगं इसाचं झालं. जत्रेतल्या कुस्तीनं घर चालतंय का? अवंदा कोयता धरू द्या त्याला." वस्तादांनी एक मुदत मागून घेतली. बीडला गादीवरच्या कुस्तीची निवड होती. जिल्ह्याच्या संघात नाव लागलं तर रामाला शिबिरात राहायला-खायला मिळणार होतं आणि पुढे नोकरीची वाट होती. नाही लागलं तर कोयता.

मी अर्ज भरायला म्हणून बरोबर गेलो होतो. मोठा हॉल, निळी-पिवळी गादी, लाऊडस्पीकर. वस्तादांनी चपला बाहेर काढल्या आणि गादीला हात लावून कपाळाला लावला. हाताला माती लागली नाही म्हणून हात पुन्हा एकदा बघितला. रामा दोन कुस्त्या जिंकला. शेवटच्या कुस्तीत तो सहा-दोनने पुढे होता आणि अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता. नुसता उभा राहिला असता तरी निवड झाली असती. मी घड्याळाकडे बघत होतो. तेवढ्यात माझ्या शेजारून वस्ताद उठले आणि ओरडले, "चीत कर, रामा! चीत कर त्याला!"

रामा खाली वाकला आणि त्याने कलाजंग धरली. गडी खांद्यावर आडवा घ्यायचा आणि पलीकडे पाठीवर टाकायचा, हा तो डाव. गडी खांद्यावर आलाही. मग रामाचा पाय घसरला, दोघे उलटले, आणि रामाची पाठ गादीवर राहिली. पंचाने तळहात गादीवर आपटला. चीत झाला की गुण कितीही असोत, कुस्ती संपली.

येताना रामा एसटीतून फाट्यावर उतरला, त्याने वस्तादांच्या पायाला हात लावला आणि वस्तीकडे चालत गेला. दुसऱ्या दिवशी तो तालमीत आला नाही. आठवड्याने त्याच्या घराला कुलूप दिसलं. पुढे कळलं, ज्या साखर कारखान्यावर तो ऊस तोडत होता तिथल्या एका कुस्ती केंद्राच्या कोचने त्याला बघितलं आणि ठेवून घेतलं. आता तो गादीवरच खेळत होता.

त्यानंतर भिंतीपलीकडून एकच आवाज यायचा, फावड्याचा. पहाटे हौद उकरायचा, माती वरखाली करायची, हा तालमीचा नेम. कुस्ती होवो न होवो. वस्ताद तो एकटे करत. उकरून झालं की हौदाच्या काठावर बसून राहत आणि ऊन आत आलं की मातीवर कापड ओढून घरी जात. घरीही कोणी नव्हतं. बायको आधीच गेली होती, मुलगी लातूरकडे दिलेली.

एके दिवशी ते वाचनालयाच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांत पेपर ऐकायला ते ओट्यापर्यंत येत. आत पहिल्यांदाच आले. पुस्तकांच्या कपाटांना बिचकल्यासारखे बघत म्हणाले, "मास्तर, गादीच्या कुस्तीचं बुक असतंय का?"

मी शहरातून नियमांची पुस्तिका मागवली. रोज संध्याकाळी एक पान मी वाचायचो, ते ऐकायचे. पहिल्याच आठवड्यात भांडण झालं. रिंगणाबाहेर पाय गेला की समोरच्याला एक गुण, असं मी वाचलं.

"पाय भाएर गेला म्हनून?"

"हो."

"मंग ती कुस्ती हाय का लंगडी?"

"वस्ताद, नियम मी केलेले नाहीत."

"तुमी वाचताय तर खरं."

ते रागाने उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीच्या झरोक्यातून सहज पाहिलं. त्यांनी फावड्याच्या दांड्याने हौदात एक मोठा गोल ओढला होता आणि सत्तरीचा तो माणूस त्या रेघेच्या आतून मागे मागे सरकत होता. समोर कोणी नसताना, टाच रेघेला लागू न देता. मी झरोक्यापासून दूर झालो.

त्या हिवाळ्यात ते सगळं शिकले. पकड करून खाली घेतला तर दोन, उचलून फेकला तर चार, दहाचा फरक पडला की कुस्ती संपली. मी त्यांची परीक्षा घ्यायचो. पुस्तिका संपली त्या संध्याकाळी ते उठले नाहीत.

"मास्तर, त्या दिशी सा-दोन होतं न्हवं?"

"हो."

"टाइम किती ऱ्हायलता?"

"पंचवीस-तीस सेकंद."

त्यांनी मान हलवली. "मंग पोरगं जितलं व्हतं. मी वरडलो. त्यानं माजं आयकलं, म्हनून पडलं." मग म्हणाले, "समोरच्यानं न्हाई पाडलं त्याला. मी पाडलं."

मी मोबाइल काढून रामाचा नंबर लावायला घेतला. त्यांनी माझा हात धरला. अशी गोष्ट फोनवर सांगत नाहीत, तोंडावर सांगायची, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या स्पर्धेला आम्ही दोघे बीडला गेलो. रामा अंगाने भरला होता. शेवटच्या अर्ध्या मिनिटात तो दोन गुणांनी पुढे होता आणि रेघेच्या आत राहून, अंग चोरत मागे सरत होता. वस्ताद बोटांवर गुण मोजत होते. शिट्टी झाल्यावर हळूच म्हणाले, "बरूबर केलं." बाहेर दारापाशी आम्ही थांबलो. रामा कोचबरोबर आला, वस्तादांना बघून जागीच थबकला, मग वाकून पाया पडला. कोचने विचारलं, "कोण रे?" रामा खाली बघत म्हणाला, "हे आमच्या गावचे."

वस्तादांचा हात त्याच्या पाठीवर होता. तो त्यांनी उचलला. "गुडघ्याला पट्टी बांधत जा," म्हणाले आणि वळले. एसटीत मी विचारलं, एवढ्या लांब येऊन सांगितलं का नाही? ते खिडकीबाहेर बघत होते. "खरं बोललं पोरगं. गावचाच हाय मी."

ते पुढच्या थंडीत गेले. दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी नव्हते. त्यांच्या मातीला माणसं थोडी होती. बरेच जण तोडीला गेलेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी रामा वाचनालयात आला. बूट बाहेर काढून आला आणि बाकाच्या टोकावर बसला.

"सर, लई उशीर झाला मला."

मी पाणी दिलं. त्याने तांब्या तसाच धरून ठेवला.

"त्या दिशी चूक माजी व्हती, सर. बीडला."

"वस्ताद ओरडले म्हणून तू..."

"वरडले?" त्याने वर पाहिलं. "कवा?"

मी त्याच्या शेजारी बाकावर बसलो.

"मला कायबी आयकू आलं न्हाई, सर. कानात नुसतं रगत वाजत व्हतं. म्या म्हनलं, सा-दोन हे वस्तादाला काय दाखवू? घरी न्यायचं तर चीतच न्यावं. माजा मीच वाकलो. हातातली कुस्ती घालवली. त्यांच्यापुडं यायला तोंड न्हवतं. त्या दिशी कोचनं इचारलं, तर वस्ताद म्हनायला जीभ रेटंना."

बाहेर रस्त्यावरून राखेची गाडी गेली. त्याने तांब्या मांडीवर टेकवला. मग म्हणाला, "वस्ताद कदी काय म्हनायचे का, सर? त्या कुस्तीबद्दल?"

पुस्तिका कपाटात होती. ज्यात त्यांनी गोल ओढला होता तो हौद भिंतीपलीकडे होता. सगळं सांगता आलं असतं. रामाने नुकती विशी ओलांडलेली. वस्ताद स्वतःला दोष देत गेले, हे त्याला पुढचं सगळं आयुष्य घेऊन चालावं लागलं असतं.

"म्हणायचे," मी म्हणालो. "डाव बरोबर होता. नुसता पाय घसरला."

रामाने दोनदा मान हलवली. तांब्यातलं पाणी प्याला.

"डावा," तो म्हणाला. "डावा घसरला, सर."

वस्ताद असं काही कधीच म्हणाले नव्हते.