नोकरी सोडून गेलेल्या सेल्समनचा शब्द

मंडळी, आज कणकवलीच्या शोरूममधून आमची पहिली गाडी घरी आणली, पण आधी तिथे वाद झाला.

आमचं घर मालवणला, समुद्राला लागून. खाऱ्या वाऱ्याने पत्रा लगेच गंजतो. म्हणून बुकिंगच्या वेळी सेल्समन म्हणाला होता, "खालून कोटिंग आम्ही फुकट करून देऊ." नुसतं तोंडी.

आज मॅनेजर म्हणाले, "कागदावर तसं काही नाही, मॅडम. आणि तो आता इथे नाही. नोकरी सोडून गेला."

नवरा हळूच म्हणाला, "जाऊंदे गो, खंय भांडत बसतलंस?"

मी सरळ त्या सेल्समनलाच फोन लावला. तो उचलेल असं वाटलं नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, स्पीकर लावा." मग म्हणाला, "सर, मी यांना कोटिंग कबूल केलं होतं. तुम्हाला विचारूनच."

मग मॅनेजर म्हणाले, "थांबा, आजच करून देतो." आणि दिलं.

यापुढे सगळं लिहून घेईन. पण त्या माणसाला आता आमच्याकडून काहीच मिळणार नव्हतं, तरी तो आपल्या बोलण्याला जागला. तुम्हाला भेटलंय का असं कोणी?