भोंगा वाजेल म्हणाले, त्याची गोष्ट

वेळ सकाळी साडेसहाची. स्थळ, लालबागला आमच्या चाळीसमोरच्या गिरणीचं बंद गेट. गेटासमोर शे-दीडशे माणसं डबे घेऊन रांगेत उभी होती, आणि ती सगळी माझ्या कवितेमुळे आली होती. हसू नका, आधी ऐका.

संप फिसकटून दोन-तीन वर्षं झालेली. गिरणी काही उघडली नव्हती. संपाच्या दिवसांत मी पेपरच्या कचेरीतून घरी आले की चाळीच्या चौकात उभी राहून दिवसभराच्या बातम्या मोठ्याने सांगायचे. छापून येईपर्यंत धीर कुणाला होता? मी चौकात सांगितलं म्हणजे ते खरं, असं चाळ मानायची.

मग मला कवितेची बाधा झाली. गिरगावातल्या एका साहित्यिक बैठकीत कुणीतरी विचारलं, "तुम्हा लोकांना संस्कृती अशी काही असते का हो?" तिथे भांडले ते भांडलेच, वर घरी येऊन लांबलचक कविता लिहिली. सुक्या बांगड्याचा वास, डबलबारीची भजनं, बाबांच्या केसांतला कापूस, सगळं कोंबलं. शेवट असा:

उद्या सकाळी भोंगा वाजेल,
बाबा पुन्हा पाळीला जातील.

सत्यनारायणाच्या दिवशी ती चाळीत वाचली. त्याच चौकात, त्याच खणखणीत आवाजात. वाचून संपते न संपते तोच माणसं एकेक करून उठायला लागली. मला वाटलं, डोळे पुसायला चाललीत. कसलं काय, ती डबे शोधायला चालली होती.

गेटावर आधी उभा राहील त्याला आधी काम, ही बदली कामगारांची जुनी रीत. त्या सकाळी मात्र कायमवालेसुद्धा रांगेत होते. पहिल्या नंबरावर आमचे बाबा, इस्त्रीचा सदरा घालून.

"बाबा, ती कविता होती."

"तू पेपरात आसंस, बाय," बाबा म्हणाले. "तुका खबर असतली म्हणान इलंय."

मागे वळून रांगेला हे सांगायची माझी छाती होईना. मग मी वॉचमनवर घसरले. गेट उघड, मॅनेजरला बोलाव, कामगार आलेत, दिसत नाही का तुला?

तो बिचारा हळूच म्हणाला, "खोलून काय करू, मॅडम? आत साचे कुठं आहेत? सगळी मशिनं मागच्या महिन्यात ट्रक भरून गेली. भर दुपारी, तुमच्याच खिडकीखालून."

ट्रक मला आठवले. त्यांच्या घरघरीत शेवटच्या दोन ओळी जुळत नव्हत्या, म्हणून मी खिडकी लावून घेतली होती.

यंत्रं हलवायला मनाई असल्याचा कोर्टाचा हुकूम तेव्हाही गेटावर चिकटवलेला होता. पुढे काही वर्षांत बाबा वारले, तो वॉचमनही गेला. त्या ट्रकांना गेट उघडायला कुणी सांगितलं, हे मी मालकांपासून मंत्र्यांपर्यंत सगळ्यांना विचारलं. अजून विचारतेय.